बॉडी कॉन्टूरिंगचा खर्च आणि मेडिक्लेम: ऑपरेशनच्या सहा महिने आधीपासून करायची कामं

बॅरिअ‍ॅट्रिक (वजन उतरवण्याच्या) ऑपरेशनने म्हणा, औषधांनी म्हणा किंवा दोन वर्षांच्या पथ्याने म्हणा, तीस-चाळीस किलो वजन उतरलं की पोटाची, दंडांची आणि मांड्यांची कातडी सैल पडून लोंबायला लागते. व्यायामाने ती परत आत जात नाही. स्नायू घट्ट होतात, पण वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतले लवचीक धागे तुटलेले असतात, ते जुळत नाहीत. मग टमी टक (सैल पोट घट्ट करणं), लायपोसक्शन (चरबी शोषून काढणं), बॉडी लिफ्ट (सैल कातडी काढून उरलेली वर ओढणं) अशा बॉडी कॉन्टूरिंगच्या ऑपरेशनांची चौकशी सुरू होते आणि पहिला प्रश्न येतो तो हाच: मेडिक्लेममध्ये बसेल का?

दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन बसत नाही. आजार किंवा इजा दूर करण्यासाठी केलेलं काही काही बसतं. त्यातलं तुमचं नेमकं कुठलं, हे अ‍ॅडमिट होण्याच्या दिवशी हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवर (विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या खिडकीवर) ठरत नाही. आधीच्या सहा महिन्यांत तुमच्या फाइलमध्ये कोणते कागद साठले यावर ते ठरतं. म्हणून आधी कागदांचं बोलू, पैशांचं नंतर.

पॉलिसीतलं नेमकं कलम

आरोग्य विम्यात काय वगळायचं याची भाषा आयआरडीएआय या विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली आहे. त्यामुळे पॉलिसी कुणाचीही असो, ‘एक्सक्लुजन’ या भागात कोड ०८ शोधा. तिथे कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे, मात्र अपवाद दिलेले आहेत: अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना, आणि तब्येतीला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरलेले उपचार. हा दुसरा अपवाद मिळवायचा तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं प्रमाणित केलेलं हवं. ‘थेट व तातडीचा’ या तीन शब्दांवरच बहुतेक क्लेम अडतात.

दुसरा कोड ०६, लठ्ठपणावरच्या ऑपरेशनचा. वय १८ किंवा जास्त, डॉक्टरचा सल्ला, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त; अथवा बीएमआय ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास थांबण्याचा तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांसारखा गंभीर आजार आणि साध्या उपायांनी वजन न उतरल्याचा पुरावा. या अटींत बसलात तर बॅरिअ‍ॅट्रिक ऑपरेशनचा क्लेम मिळू शकतो. इथेच पुष्कळांची गल्लत होते. बॅरिअ‍ॅट्रिक कंपनीने पास केलं, म्हणजे नंतर लोंबणारी कातडी काढण्याचंही पास होईल, असं धरून लोक तारीख घेतात. तसं नाही. कातडीचं ऑपरेशन पुन्हा कोड ०८ खाली नव्याने तपासलं जातं, आणि पहिल्या मंजुरीचा त्याला काही उपयोग होत नाही.

आणखी एक गैरसमज पाच वर्षांचा. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की कंपनीला माहिती लपवल्याचं कारण पुढे करून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. हा नियम खरा आहे. पण पॉलिसीत कायमचं वगळलेलं पाच वर्षांनी आपोआप आत येत नाही. कॉस्मेटिक पहिल्या वर्षी बाहेर असतं तसंच दहाव्या वर्षीही.

पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात नोकरी असेल तर ग्रुप पॉलिसी वेगळी वाचावी लागते. अशा पॉलिसीत हर्नियासारख्या आजारांचा प्रतीक्षा काळ (पॉलिसी सुरू झाल्यावर ज्या काळात क्लेम मिळत नाही तो) अनेकदा माफ असतो, आणि नोकरी देणाऱ्या काही कंपन्या स्वतःहून जादा कव्हर घेतात. एचआरकडून रंगीत पत्रक घेऊ नका, मूळ पॉलिसीची पीडीएफ मागा. ‘कॉर्पोरेट बफर (कर्मचाऱ्यांसाठी राखलेली सामायिक जादा रक्कम) आहे, त्यातून होईल’ असं कुणी म्हणालं तर विचारा की वगळलेल्या उपचारांना बफर लागू होतो का. बफर रक्कम वाढवतो, अपवाद वाढवत नाही.

कुठल्या ऑपरेशनची शक्यता किती

स्तनाच्या कॅन्सरनंतरची पुनर्रचना आणि भाजल्यावर किंवा अपघातानंतर आखडलेली कातडी सोडवणं, हे अपवादात स्पष्ट बसतं. इथे क्लेम अडला तर बहुतेक वेळा कागद अपुरे असतात. मूळ आजाराची डिस्चार्ज समरी आणि बायोप्सीचा रिपोर्ट किंवा अपघाताची नोंद जोडली की गाडी पुढे सरकते.

पोटाखाली लोंबणारी घडी काढणं, म्हणजे पॅनिक्युलेक्टॉमी, हे अधलंमधलं प्रकरण. घडीखाली घाम साचतो, कातडी कातडीवर घासते, बुरशी धरते, चिघळते. औषध लावलं की बरं होतं, दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. हे वारंवार घडत असेल आणि त्याची नोंद असेल तर प्रयत्न जरूर करावा. पण पॅनिक्युलेक्टॉमी आणि टमी टक ही दोन वेगळी ऑपरेशनं आहेत. पहिल्यात फक्त लोंबती कातडी आणि चरबी काढतात. दुसऱ्यात त्याशिवाय पोटाचे स्नायू मधोमध ओढून शिवतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. पत्राच्या मथळ्यावर ‘अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी’ हा टमी टकचा वैद्यकीय शब्द दिसला की खालचा मजकूर नीट वाचायच्या आधीच तपासणाऱ्याच्या डोक्यात कोड ०८ येतो. जे ऑपरेशन खरोखर होणार आहे त्याचंच नाव लिहिलेलं हवं. टमी टक करून पॅनिक्युलेक्टॉमी लिहिणं ही फसवणूक आहे. ओटी (ऑपरेशन थिएटर) नोट्समध्ये स्नायू शिवल्याचं लिहिलेलं असतंच, ते सापडतं, आणि मग पॉलिसीच रद्द होऊ शकते.

स्तन लहान करण्याचं ऑपरेशन (मान-पाठदुखी, खांद्यावर पट्ट्याचे खोल वळ, स्तनांखाली चट्टे) आधी मंजुरी मागून पाहण्यासारखं आहे. नकार येण्याची तयारी मात्र ठेवा. पुरुषांच्या गायनेकोमास्टियाचे (स्तनवाढीचे) क्लेम बहुतांशी नाकारले जातात. गाठ दुखत असेल, एका बाजूलाच वाढत असेल, तर तपासणी आणि बायोप्सी आधी करून घ्या, ते तब्येतीसाठीही आवश्यक आहे. पण ऑपरेशनचे पैसे खिशातून जातील असं धरूनच बजेट मांडा. निव्वळ लायपोसक्शन, दंड, मांड्या, पूर्ण बॉडी लिफ्ट यांत विम्याची आशा धरून वेळ घालवू नये.

डॉक्टरांच्या पत्रात काय असावं

दोन पत्रं शेजारी ठेवून पाहा. एकात लिहिलंय: ‘रुग्णाला पोटाच्या सैल कातडीमुळे त्रास होतो, ऑपरेशनचा सल्ला.’ दुसऱ्यात: ‘घडी जांघेपर्यंत येते. गेल्या आठ महिन्यांत घडीखाली चार वेळा संसर्ग. तीन वेळा बुरशीविरोधी मलम आणि गोळ्या, एकदा पू झाल्यामुळे अँटिबायोटिक. त्वचारोगतज्ज्ञांचे कागद सोबत. गेले सात महिने वजन ७४ ते ७६ किलोत स्थिर. रुग्णाला मधुमेह असून जखम चिघळून संसर्ग पसरण्याचा धोका आहे. इतर उपाय थकले आहेत.’ त्रास दोघांचा एकच असेल. पण पहिल्या पत्रावर ‘तातडीचा धोका’ शोधायला जागाच नाही, दुसऱ्यावर तारखा आणि औषधं आहेत.

दुसरं पत्र एका दिवसात तयार होत नाही. त्यासाठी घडीखाली चट्टा उठला की दर वेळी मेडिकलमधून नुसतं मलम न आणता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि केस पेपर जपून ठेवा. चट्ट्याचा फोटो काढा, एकदा घडी खाली सोडलेली असताना आणि एकदा वर उचलून, तारीख दिसेल असा. वजनाची नोंद दर महिन्याला एकाच दवाखान्यात, कागदावर. औषधांची बिलं फाइलला लावा. सहा महिन्यांत हे सगळं मिळून वीस-पंचवीस पानं होतात आणि त्यांनाच वजन असतं.

ओपीडीच्या पहिल्या कागदावरची पहिली ओळ फार महत्त्वाची. ज्युनियर डॉक्टर विचारतात, ‘काय त्रास?’ आणि माणूस संकोचून म्हणतो, ‘पोट बरं दिसत नाही.’ ती ओळ तशीच इंग्रजीत उतरते, आणि पाच महिन्यांनी नकाराच्या पत्रात तीच उद्धृत होते. खोटं काही सांगायचं नाही. जे खरं दुखतं, खाजतं, चिघळतं ते आधी सांगा. दिसण्याचं दुःखही खरंच असतं, ते नंतर सांगा. आणि कागद हातात आला की तिथेच उभं राहून वाचा.

हर्निया असेल तर

बाळंतपणांनंतर किंवा मोठं वजन उतरल्यावर बऱ्याच जणांना बेंबीचा किंवा जुन्या टाक्यांचा हर्निया असतो. हर्नियाचं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसतं, प्रतीक्षा काळ संपलेला असला पाहिजे. तो बहुतेक पॉलिसीत २४ महिन्यांचा असतो, नियमाने ३६ पेक्षा जास्त असू शकत नाही. एकाच भुलेत हर्निया आणि टमी टक दोन्ही करता येतात. क्लेम मात्र फक्त हर्नियाचा.

आधी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनचा रिपोर्ट नीट पाहा. पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून लांब गेलेले असतील तर त्याला डायस्टॅसिस म्हणतात. त्यात मधला पडदा ताणलेला असतो, पण फाटलेला नसतो. म्हणून तो हर्निया नव्हे, आणि विमा कंपन्या त्याच्या दुरुस्तीला कॉस्मेटिकच धरतात. रिपोर्टमध्ये ‘डिफेक्ट’ हा शब्द आणि त्याचं माप असेल तरच हर्नियाचा क्लेम उभा राहतो.

मग हॉस्पिटलकडून या गोष्टी वेगवेगळ्या करून घ्या: दोन एस्टिमेट, दोन संमतिपत्रं, ओटी नोट्समध्ये दोन स्वतंत्र परिच्छेद आणि दोन बिलं. साडेतीन तासांच्या ऑपरेशनमध्ये हर्नियाला तास लागत असेल तर ओटी आणि भुलेचा खर्च त्या प्रमाणात वाटायला सांगा. हर्नियाची जाळी वापरली तर तिच्या डब्यावरचं स्टिकर आणि बिल हर्नियाच्याच फाइलमध्ये गेलं पाहिजे. प्री-ऑथच्या (विमा कंपनीच्या आगाऊ मंजुरीच्या) फॉर्मवर सोबत कॉस्मेटिक ऑपरेशन होणार आहे आणि त्याचे पैसे रुग्ण स्वतः भरणार आहे, हे स्पष्ट लिहा. काही हॉस्पिटलं ‘हे लिहिलं तर अडकेल’ म्हणून गाळायला सांगतात. ऐकू नका. उघड लिहिलेलं असलं तर वाद रकमेच्या वाटणीवर राहतो, लपवलेलं सापडलं तर सगळा क्लेम जातो. आणि हॉस्पिटलमध्ये एक जादा रात्र टमी टकमुळे राहावी लागली, तर ती रात्र तुमच्या खात्यावर, हेही आधीच मान्य करून टाका.

वेगळ्या बिलांचा आणखी एक फायदा जीएसटीत आहे. हर्नियाच्या उपचारावर जीएसटी नाही, कॉस्मेटिक सर्जरीवर १८ टक्के आहे. एकच पॅकेज केलं तर सगळ्यावर कर लागण्याची शक्यता राहते.

खर्च खरा किती येतो

पुण्यात ऐकायला मिळणारे ढोबळ आकडे असे: एका भागाचं लायपोसक्शन ७० हजार ते दीड लाख, गायनेकोमास्टिया ६० हजार ते सव्वा लाख, टमी टक दीड ते तीन लाख, कमरेभोवतीची पूर्ण बॉडी लिफ्ट साडेतीन लाखांपासून पुढे. पण फोनवर सांगितलेल्या आकड्यात काय धरलंय हे कळल्याशिवाय दोन हॉस्पिटलांची तुलना करण्यात अर्थ नाही. एस्टिमेट फोडून घ्या. टमी टकचा एक नमुना मांडून पाहू.

सर्जनची फी ८०,०००. भूलतज्ज्ञ १८,०००. ओटी २५,०००. दोन रात्रींची खोली, दिवसाला ४,५०० प्रमाणे ९,०००. औषधं, टाके, ड्रेन (साचणारं पाणी बाहेर काढणारी नळी) आणि इतर सामान २२,०००. बेरीज १,५४,०००, आणि तोंडी सांगितलेलं ‘पॅकेज’ इतकंच असतं. त्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी २७,७२०. ऑपरेशनपूर्व तपासण्या लॅबमध्ये वेगळ्या, ६,०००. पोटावर बांधायचे घट्ट पट्टे दोन, कारण एक धुवायला टाकल्यावर दुसरा लागतो, प्रत्येकी ३,५०० म्हणजे ७,०००. आता आकडा १,९४,७२० झाला. दीड लाख मनात धरून आलेल्या माणसाला चाळीस हजारांची सोय डिस्चार्जच्या सकाळी करावी लागते.

म्हणून एस्टिमेट लेखी घेताना पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं त्याच कागदावर लिहून घ्या. जीएसटी धरलाय का? ड्रेन काढणं आणि नंतरची ड्रेसिंग किती वेळांपर्यंत धरली आहेत? कातडीखाली पाणी साचलं (सिरोमा) तर ते सुईने काढण्याचे दर वेळी पैसे लागतील का? काढलेल्या गाठीची हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) धरली आहे का? रिव्हिजन (दुरुस्तीसाठी पुन्हा ऑपरेशन) करावी लागली तर? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक सर्जन ‘माझी फी घेणार नाही’ म्हणतात, आणि ते शब्द पाळतातही. पण ओटी, भूल आणि सामानाचे पैसे हॉस्पिटलला द्यावे लागतात, आणि ते सहज मूळ खर्चाच्या निम्म्यावर जातात.

विम्यात बसणाऱ्या भागासाठी खोलीच्या भाड्याकडेही लक्ष हवं. तीन लाखांच्या जुन्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० असेल आणि तुम्ही ६,००० ची खोली घेतली, तर कंपनी फक्त खोलीचे तीन हजार कापून थांबत नाही. सर्जनची फी, ओटी, नर्सिंग हेही त्याच प्रमाणात निम्मं होतं. औषधं, जाळी आणि तपासण्या या कपातीतून सुटतात. शिवाय आयसीयू सोडून दिवसाला ५,००० पेक्षा महाग खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे तो वेगळाच.

आता सर्वांत न बोलला जाणारा खर्च. कॉस्मेटिक ऑपरेशननंतर पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात गेली, किंवा संसर्गामुळे आयसीयूत जावं लागलं, तर तो खर्च कुणाचा? मूळ उपचारच वगळलेला, म्हणून त्यातून उद्भवलेली गुंतागुंतही वगळलेली, अशी भूमिका कंपनी घेऊ शकते. तुमच्या पॉलिसीत याबद्दल काय लिहिलंय ते कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. उत्तर काहीही येवो, निदान लाख-दीड लाख रुपये हाताशी ठेवून मगच तारीख घ्या. ते जमत नसेल तर ऑपरेशन पुढे ढकला. कातडी वाट पाहते.

कमी पैशांत सांगितलं तर काय गाळलंय ते शोधा

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का ते पाहा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. ‘कॉस्मेटॉलॉजी’चा डिप्लोमा म्हणजे प्लास्टिक सर्जरीची पदवी नव्हे. ऑपरेशन कुठे होणार, त्या जागेची नर्सिंग होम म्हणून महापालिकेत नोंदणी आहे का, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर राहणार का, आयसीयू त्याच इमारतीत आहे की अँब्युलन्सने न्यावं लागेल, हे विचारायला लाजू नका. संध्याकाळी सहा वाजता कर्वे रस्त्यावरून अँब्युलन्सला किती वेळ लागतो हे पुणेकराला सांगायला नको.

एकाच वेळी ‘सगळीकडची’ चरबी काढून देतो, असं कमी पैशांत कुणी सांगत असेल तर सावध व्हा. पाच लिटरपेक्षा जास्त काढलं की ते मोठ्या प्रमाणातलं लायपोसक्शन धरतात. शरीरातलं पाणी आणि क्षार एकदम हलतात, म्हणून रात्रभर हॉस्पिटलमध्ये देखरेख लागते. सकाळी येऊन संध्याकाळी घरी, असं पॅकेज तिथे चालत नाही.

पैसे फारच कमी पडत असतील आणि त्रास खरोखर आजाराचा असेल, तर ससून या सरकारी रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागात आधी दाखवा. भाजल्यानंतरची आणि अपघातानंतरची कामं तिथे होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. निव्वळ सौंदर्यासाठीची ऑपरेशनं या योजनेत नाहीत.

हप्त्यांचं थोडक्यात. ‘फ्लॅट १४ टक्के’ ऐकलं की कागद-पेन घ्या. दोन लाखांवर वर्षाचं व्याज २८,०००, म्हणजे महिना १९,००० चा हप्ता. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जात असतं, त्यामुळे घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर वर्षाला सुमारे २५ टक्के पडतो. ‘नो कॉस्ट’ असेल तर रोख भरल्यावर किती सूट मिळाली असती ते विचारा, व्याज तिथे दडलेलं असतं.

तारीख धरण्याआधी तब्येतीचं

यातली प्रत्येक गोष्ट चुकली की खर्च वाढतो, म्हणून ती इथे. वजन निदान सहा महिने स्थिर हवं. बॅरिअ‍ॅट्रिकनंतर साधारण १२ ते १८ महिने थांबतात. आधी घाई केली आणि नंतर आणखी दहा किलो उतरले तर कातडी पुन्हा सैल पडते आणि दुसरं ऑपरेशन पदरचे पैसे घालून करावं लागतं. बॅरिअ‍ॅट्रिक झालेल्यांचं हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि प्रथिनं अनेकदा कमी असतात. ही तपासणी दोन महिने आधी करा म्हणजे भरून काढायला वेळ मिळतो. प्रथिनं कमी असली की टाके उशिरा भरतात.

तंबाखू किमान चार आठवडे आधीपासून आणि चार आठवडे नंतर बंद. यात सिगरेटइतकीच मिसरी आणि गुटखाही येतो. पुष्कळ बायका ‘तंबाखू नाही’ म्हणतात आणि सकाळी मिसरी लावतात. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. टमी टकमध्ये कातडीचा मोठा पदर खालून सोडवून ओढलेला असतो, त्याच्या खालच्या कडेला आधीच रक्त कमी पोहोचतं. तिथली कातडी काळी पडून सडली तर महिनाभर रोज ड्रेसिंग करावं लागतं. डॉक्टरांपासून हे लपवू नका.

वजन उतरवण्याची आठवड्याची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगा. त्यांनी पोट हळू रिकामं होतं; रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकतं आणि भुलेत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ऐनवेळी कळलं तर ऑपरेशन रद्द होतं.

दिवस कोणते निवडायचे? पट्टा साधारण सहा आठवडे, जवळजवळ दिवसभर घालायचा असतो. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात तो अंगावर सहन होत नाही, घामाने टाक्यांची जागा ओली राहते. नोव्हेंबर ते जानेवारी बरा. पहिले काही दिवस कमरेत वाकून चालावं लागतं, ड्रेन आठवडाभर किंवा थोडे जास्त दिवस राहतात. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नसेल, भारतीय पद्धतीचा संडास असेल, तर पंधरा दिवसांची सोय आधी लावा. कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. दुचाकी तीन-चार आठवडे नाही. सोलापूर, सातारा, नगरकडून येणाऱ्यांनी ड्रेन निघेपर्यंत पुण्यातच राहावं. त्या मुक्कामाचा खर्चही एस्टिमेटच्या खाली आपल्या हाताने लिहून ठेवा.

प्री-ऑथपासून नकारापर्यंत

विम्यात बसणाऱ्या भागासाठी कॅशलेसचा अर्ज अ‍ॅडमिट होण्याच्या तीन-चार दिवस आधी द्या. २०२४ च्या नियमांप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आहे, आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला तीन तासांपेक्षा जास्त लावायचे नाहीत. उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. टीपीए डेस्कवर ‘क्वेरी आली आहे’ एवढंच सांगतात. क्वेरीचं पत्र स्वतः मागून वाचा. बऱ्याचदा एकाच ओळीचा खुलासा हवा असतो आणि डॉक्टर ओपीडीत असल्यामुळे तो दिवसभर पडून राहतो. त्या डॉक्टरांपर्यंत कागद नेणारा घरचा माणूस त्या दिवशी मोकळा ठेवा.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम संपला नाही. पैसे भरा आणि पॉलिसीत दिलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी डिस्चार्जपासून १५ ते ३० दिवसांत, रीइम्बर्समेंटसाठी (भरलेले पैसे परत मिळवण्यासाठी) फाइल द्या. डिस्चार्ज समरी, ओटी नोट्स, फोडलेलं बिल, पावत्या, रिपोर्ट, वर सांगितलेलं पत्र आणि फोटो. मूळ कागद देण्याआधी सगळ्यांची झेरॉक्स.

क्लेम नाकारल्याचं पत्र आलं की त्यात कलमाचा उल्लेख आहे का पाहा. नसेल तर लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. त्यात भावना कमी आणि तारखा जास्त असू द्या: कोड ०८ मधला कोणता अपवाद लागू होतो, कोणत्या पानावर डॉक्टरांचं प्रमाणपत्र आहे, संसर्गाच्या चार तारखा कोणत्या. सोबत आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, टोल फ्री क्रमांक १५५२५५.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. कंपनीच्या नकारापासून वर्षभराच्या आत अर्ज करायचा. त्याच प्रकरणात ग्राहक आयोगात आधीच दावा लावला असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल आणि गरज पडली तर आयोग, हा क्रम धरा. सुनावणीला जाताना फाइल तारखेप्रमाणे लावलेली असू द्या, घडीचे फोटो सर्वांत वर, आणि त्यांच्या खाली त्वचारोगतज्ज्ञाचा पहिला केस पेपर.